भिंग आणि परतलेला नवरा

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे भिंग म्हणत. तोंडावर ‘भिंगकाका’, पाठीमागे नुसतंच भिंग. खरं तर त्यांनी जन्मात कधी भिंग हातात धरलं नव्हतं. साधा चष्मा, लाल पेन्सिल आणि पुठ्ठ्याची एक पट्टी एवढ्या सामानावर त्यांनी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. पुस्तक छापायच्या आधी त्याचे कच्चे कागद निघतात, त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा आणि मागच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतून काही दिसत नसे, म्हणूनच ती खोली त्यांना आवडायची.

वाचायची त्यांची तऱ्हा उफराटी होती. पानाच्या तळापासून सुरुवात करायची, पट्टी लावून एकेक ओळ वर सरकायची. कुणी विचारलं तर म्हणत, “गोष्ट वाचायला लागलं की चुका दिसेनाशा होतात.” त्यामुळे हजाराच्या वर पुस्तकं त्यांच्या डोळ्यांखालून गेली आणि एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता आली नसती. घरी बायको होती, ती याच्या नेमकी उलट. हातात पुस्तक पडलं की जेवणखाण विसरायची; शेवट कळला की पुस्तक मिटायचं आणि दुसरं उघडायचं. एकाच छपराखाली दोन वाचक, एकाला गोष्ट कळत नाही आणि दुसरीला चूक दिसत नाही. संसार मात्र झकास चालला होता.

भिंगांचा खरा अभिमान होता तो त्यांच्या वहीचा. प्रत्येक कादंबरीची त्यात नोंद असे. कुणाचे डोळे घारे, कुणाची उंची किती, कुणाच्या घराला किती पायऱ्या. लेखक मंडळी काय, दहाव्या पानावर नायिकेला एकुलती एक करतात आणि दोनशेव्या पानावर तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न लावतात. भिंग असल्या गफलती पटापट टिपत. अशा वेळी नियम असा, की समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. सुरुवातीची पंचवीस वर्षं त्यांनी विचारलं. दर वेळी उत्तर तेच यायचं, “अहो, बरं झालं पाहिलंत, करून टाका सारखं.” मग त्यांनी विचारणंच सोडलं. चूक दिसली की स्वतःच सारखं करून मोकळे. शहाणपणा माणसाच्या डोक्यात असाच चढतो, आवाज न करता.

आणि मग ‘परतलेला नवरा’ आली.

लिहिणारी बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टंकलेखक होती. वय बावन्न, पहिलंच पुस्तक. कचेरीत जायच्या आधी रोज पहाटे तास-दीड तास बसून तिने सहा वर्षांत ते सात वेळा लिहून काढलं होतं. गोष्ट एका घरातली. नवरा कामासाठी दूर जातो, आठ महिन्यांनी परततो, आणि बायकोला वाटायला लागतं की हा आपला नवरा नव्हे. चेहरा तोच, आवाज तोच, सासू-नणंद सगळे म्हणतात, तुला झालंय तरी काय? वाचणाऱ्याला पानोपानी धास्ती, की हा माणूस आता या बाईचं काहीतरी बरंवाईट करणार. शेवटच्या प्रकरणात पारडं फिरतं. बाईनेच त्याला दुधातून औषध देऊन संपवलेलं असतं, आणि ती शांतपणे सांगते की हा माझा नवरा नाही हे मला पहिल्या दिवसापासून कसं कळलं.

हे शेवटचं प्रकरण मालकांनी गुपित ठेवलं. मालक म्हणजे प्रकाशक. विकायची अक्कल त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. त्यांनी ठरवलं, शेवटची सोळा पानं कडेने चिकटवूनच बांधायची, वाचकाने सुरीने कापून वाचायची. त्याचं मुद्रितही ते स्वतः तपासणार, कुणालाही दाखवणार नाहीत.

“मलासुद्धा नाही?” भिंगांनी विचारलं.

“तसं नाही हो काका,” मालक म्हणाले. “पण चार डोळ्यांनी पाहिलं की ते गुपित कसलं?”

भिंगांना ते लागलं. छत्तीस वर्षं इतक्यांची लिखाणं पोटात ठेवली, आणि आता आपण परके झालो. रागावलेला कामसू माणूस काय करतो? दुप्पट काम करतो. त्यांनी त्या कादंबरीवर पट्टी अशी फिरवली की ज्याचं नाव ते. आणि त्यांना तीन गफलती सापडल्या. चौदाव्या पानावर नवरा घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो, एकशे एकतिसाव्यावर डाव्या. आधी बिनसाखरेचा चहा पितो, नंतर दोन चमचे साखर मागतो. आधी खिडकीच्या बाजूला झोपतो, नंतर दाराच्या. नवखी लेखिका, दुसरं काय! भिंगांनी लाल पेन्सिलीने तिन्ही ठिकाणी सारखं करून टाकलं. घड्याळ उजव्या हातात, चहा बिनसाखरेचा, झोपणं खिडकीशी. वहीत लिहिलं, ‘तीन ढोबळ चुका, दुरुस्त.’ त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागलं.

शेवटचं मुद्रित लेखिकेकडे गेलं. तिने ते वाचलं आणि सही केली. पण जिला पुस्तक तोंडपाठ आहे ती कागदावरचं थोडंच वाचते? डोक्यातलं वाचते. तीन ओळी बदलल्यात हे तिला दिसलंच नाही.

पुस्तक निघालं, त्याची एक प्रत नेहमीप्रमाणे भिंगांच्या घरी आली आणि बायकोने दोन दिवसांत फडशा पाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भाजी चिरायच्या सुरीने शेवटची पानं कापली. भिंग शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते, अर्थातच चुका काढत.

“अहो, हा नवरा घड्याळ कुठल्या हातात घालतो?” बायकोने विचारलं.

“उजव्या,” भिंग मान वर न करता म्हणाले. “पहिल्यापासून शेवटपर्यंत उजव्या. मी पाहिलंय.”

“तेच ना. मग ही काय म्हणते ऐका. ‘तो दारात उभा राहिला आणि मी आधी त्याचं मनगट पाहिलं. घड्याळ डाव्या हातात होतं. त्या क्षणी मला कळलं.’ पुढे चहाचं आहे, झोपायच्या जागेचं आहे. सगळं बदललं म्हणते. मी तिन्ही ठिकाणी मागे जाऊन बघून आले, काहीसुद्धा बदललेलं नाही. स्वतःच लिहिलेलं विसरली की काय ही लेखिका?”

त्यांनी पुस्तक घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक प्रकरण वरून खाली वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. बायको विचारत होती, “काय झालं? चेहरा का असा?” ते चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं. तिने त्यांना बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, “विचारायचं होतं हो तिला.”

आठवड्याने पहिलं परीक्षण आलं. लिहिणारे प्राध्यापक म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी नाक मुरडलं की पुस्तक आडवं झालंच म्हणून समजायचं. त्यांनी लिहिलं होतं, ‘रहस्यकथा लिहिणाऱ्याने वाचकाशी एक करार केलेला असतो. उत्तर लपवा, पण खुणा समोर ठेवा. या बाईंनी खुणा ठेवल्याच नाहीत आणि शेवटी मात्र ठेवल्या होत्या असं छातीठोकपणे सांगितलं. लेखिकेने आपली कादंबरी निदान एकदा वाचायला हवी होती.’

झालं. मग काय, पडत्या फळाची आज्ञा. ज्यांना स्वतःहून एक ओळ सुचत नव्हती त्यांनाही आता लिहायला विषय मिळाला. ‘घड्याळ हरवलेली कादंबरी’ असा एकाने मथळा दिला. एका वाचनालयात चर्चा झाली, तिथे कुणीतरी दोन्ही मनगटं वर करून दाखवली आणि सभा हसून लोळली. लेखिका पहिल्या रांगेत बसली होती. भिंग शेवटच्या रांगेत होते. त्यांनी तिची फक्त पाठ पाहिली. ती शेवटपर्यंत हलली नाही. उठून उभं राहावं आणि सांगावं, ही चूक माझी आहे, असं त्यांच्या मनात दहा वेळा आलं आणि अकराव्या वेळी सभा संपली. ही त्यांची भित्री बाजू. ती लपवून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. मालकांनी कपाळाला हात लावला. मग हळूच दार लोटून घेतलं.

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“बायकोला.”

“तिथेच राहू द्या. काका, सही लेखिकेची आहे. उद्या जाहीर केलं तर लोक म्हणतील, या संस्थेत प्रूफवालाच पुस्तकं लिहितो. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“पण तिची अब्रू जातेय.”

“पुढच्या आवृत्तीत बघू म्हटलं ना.”

मग भिंग प्राध्यापकांच्या घरी गेले. प्राध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वर चहाही पाजला. म्हणाले, “तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण मी परीक्षण छापलेल्या पुस्तकाचं केलंय. वाचकाच्या हातात जे पडतं तेच पुस्तक. तुमच्या पेन्सिलीखाली काय होतं ते मी कसं वाचणार?” चोख होतं. भिंग स्वतः आयुष्यभर हेच म्हणत आले होते, की छापलं ते खरं.

आता यावर उपाय एकच, लेखिकेला जाऊन सांगणं. रोज ठरवत आणि रोज टाळत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या टाळाटाळीत महिना गेला, आणि मग वाऱ्याने दिशा बदलली.

एका तरुण परीक्षकाने, अजून मिसरूडही धड न फुटलेल्या पण वाक्यं मात्र दणदणीत लिहिणाऱ्या, एक लांबलचक लेख लिहिला. म्हणे, सगळे ज्येष्ठ फसलेत. खुणा नाहीत ही चूक नसून हाच खरा धक्का आहे. बाई म्हणते घड्याळ बदललं. आपण मागे जाऊन पाहतो, तर बदललेलं नाही. म्हणजे परतलेला माणूस तिचा खराच नवरा होता! ती वेडी होती आणि तिने एका निर्दोष माणसाला मारलं. लेखिकेने हे कुठेही न सांगता वाचकालाच शोधायला लावलं. केवढं हे धाडस, केवढी ही कारागिरी!

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हे. पण लोकांना तो स्वर्ग पसंत पडला. आठवडाभरात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. ज्यांनी टिंगल केली होती ते आता सांगायला लागले, की आम्हाला आधीच शंका होती. खुद्द प्राध्यापकांनी दुसरा लेख लिहिला, ‘पुनर्वाचन’ म्हणून. लोक कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला लागले, मनगटं तपासायला. पहिली आवृत्ती संपली. मालक जिन्याखाली उतरून आले, जे ते कधी करत नसत, आणि भिंगांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “काका, तुमची पेन्सिल सोन्याची. दुसरी आवृत्ती पुढच्या आठवड्यात छापायला जातेय. आणि एक लक्षात ठेवा, एक अक्षरसुद्धा बदलायचं नाही.”

बायको म्हणाली, “पदरी पडलं, पवित्र झालं. आता तरी जेवा नीट.” आणि भिंग चार दिवस खरंच नीट जेवले. वाटलं, सुटलो. वाकड्यातून का होईना, त्या बाईचं चांगलंच झालं.

मग सत्कार झाला. फुलं, भाषणं, कॅमेरे. तरुण परीक्षकाने व्यासपीठावर लेखिकेची मुलाखत घेतली. त्याने विचारलं, “ही बाई वेडी आहे हे तुम्ही लिहिता लिहिता कधी ठरवलंत?”

लेखिकेने माईक जवळ ओढला. मग म्हणाली, “ती वेडी नाही.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. परीक्षक हसून प्रेक्षकांकडे वळला, “बघा, अजूनही आपल्याला खेळवतायत.” ती पुन्हा म्हणाली, “खरंच सांगते. तिचं सगळं बरोबर होतं.” पुन्हा टाळ्या. भिंगांनी आज तिचा चेहरा पाहिला. पहिल्या सभेत लोक हसले तेव्हा तिची पाठ ताठ तरी होती. आता ती खुर्चीत खचली होती आणि लोक तिच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगांनी कपाटातून त्या मुद्रितांचा गठ्ठा काढला आणि तिचं घर गाठलं. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरातच लिहायचं टेबल. त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि तीन पानं तिच्यापुढे ठेवली. लाल रेघेखाली तिचे मूळ शब्द स्पष्ट दिसत होते. ‘डाव्या’वर काट, वर ‘उजव्या’.

तिने तिन्ही पानं वाचली. ‘डाव्या’वरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “सात खर्डे केले हो मी, शेवटचा तुमच्याच कचेरीत राहिला. कुठल्यात हात बदलायचा राहून गेला, कुठल्यात बदलला, मलाच आठवेना. तीन महिने मी समजत होते, की माझंच डोकं ठिकाणावर नाही.”

“चूक माझी. मला विचारायला हवं होतं.” भिंगांनी गठ्ठा पुढे सरकवला. “दुसरी आवृत्ती अजून छापायला गेलेली नाही. तुम्ही मालकांना सांगा. मी बरोबर येतो, हे कागद दाखवतो. तुमच्या शब्दाला ते नाही म्हणणार नाहीत.”

“काल सांगितलं मी त्यांना. सत्कारानंतर लगेच. निदान शेवटी एक वाक्य घाला म्हटलं, की बाई खरं बोलत होती. ते म्हणाले, बाई, लोकांना जे आवडलंय ते आता तुम्ही बिघडवू नका.” तिने तिन्ही पानं जुळवून ठेवली. “त्यांना ती वेडीच हवी आहे.”

भिंगांनी हात जोडले. ते म्हणाले, “मला वाटेल ते बोला. तुमचा हक्क आहे.”

उठून तिने त्यांना पाणी दिलं आणि परत समोर येऊन बसली.

“तुमच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं बघा,” ती म्हणाली. “घड्याळाचा हात बदललाय हे. सासूच्या, नणंदेच्या, कुणाच्या नाही. तुमच्या आलं. आणि तुम्ही सारखं करून टाकलंत.”

“हो.”

“माझी थोरली बहीण होती. लग्नानंतर सांगायला लागली, हे माझ्या वस्तू हलवतात आणि मग मीच विसरले म्हणतात. कुणाला पटायचं नाही. भाऊजी म्हणजे मुलखाचे सज्जन. मी एकदा तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले होते. ताई सकाळपासून चष्मा शोधत होती. खुर्चीवर पडलेला भाऊजींचा कोट मी टांगायला उचलला, तर आतल्या खिशात तिचा चष्मा.”

“मग?” भिंगांनी विचारलं.

“मग काय. मी तो काढला आणि शिलाई मशीनवर, तिच्या नेहमीच्या जागी ठेवून दिला. म्हटलं, उगाच वाद कशाला? थोड्या वेळाने ताईने सगळ्यांना गोळा केलं. म्हणाली, आज मी हात लावून पाहिलंय, चष्मा यांच्याच कोटात आहे. कोट झटकला, तर रिकामा. आणि चष्मा समोर मशीनवर. सगळे हसले. त्यानंतर तिने कधी कुणाला काही सांगितलं नाही. वर्षभरात भाऊजींनी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. तिथेच गेली.”

बाहेर कुणीतरी दाराची घंटी वाजवली. अभिनंदन करायला कुणी आलं असेल. ती उठली नाही.

“पुस्तकात तरी तिचं खरं ठरावं म्हणून सहा वर्षं लिहीत होते,” ती म्हणाली. “तुम्हाला मी कुठल्या तोंडाने बोलू? तुम्ही तर फक्त कागदावरच्या बाईला वेडं ठरवलंत.”